टप उघडायचा असेल तर आधी पार्किंगची जागा बघा

पत्र : मी बाणेरला राहतो. वय ४४, उंची सहा फूट एक इंच. चाकणला छोटा कारखाना आहे. घरची एसयूव्ही आहेच, आता स्वतःच्या हौसेसाठी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. बजेट एक कोटीच्या आसपास, वापरलेली चालेल. तीन गाड्या बघून ठेवल्या आहेत : पोर्शे ७१८ केमन, बीएमडब्ल्यू झेड४ आणि मुंबईच्या एका डीलरकडची २०१५ ची पोर्शे ९११ टार्गा. टार्गाचा भाव ताणून सव्वा कोटीवर जातो, पण तिचा फक्त वरचा तुकडा निघतो, त्यामुळे 'कूपे आणि कन्व्हर्टिबल दोन्हीची मजा एकात' असं डीलर सांगतो. मित्र म्हणतात, टप कापलेली गाडी घाटात लटपटते. बायको विचारते, पुण्यात टप उघडून काय धूळ खाणार? सोसायटीत माझ्या दोन जागा आहेत. एक स्टिल्टखाली, दुसरी कंपाउंडलगत झाडाखाली उघड्यावर. काय घेऊ?
— एक वाचक, बाणेर

स. न. वि. वि.

तुम्ही लिहिलेल्या मतांपैकी सगळ्यात कामाचं मत तुमच्या पत्नीचं आहे. त्यावर उत्तर 'नको' असंच येईल असं मात्र नाही. आधी हिशेब करू.

गाडी रविवारी सकाळी बाहेर काढणार असं धरू. वर्षाचे रविवार ५२. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे १५ पावसात गेले. एप्रिल-मेचे ८-९ उन्हात गेले, कारण साडेआठनंतर टाळू भाजायला लागते. उरले २८. लग्नकार्य, पाहुणे, बाहेरगाव आणि साधा कंटाळा यांत सहा-सात सहज जातात. म्हणजे राहिले एकवीस-बावीस रविवार, प्रत्येकी अडीच तास. वर्षाला पन्नास-पंचावन्न तास टप उघडा राहणार. वर्षाचे एकूण तास ८,७६०. पन्नास तासांची मजा घ्यायची आणि उरलेले आठ हजार सातशे तास तेच छत पाऊस, ऊन, पालापाचोळा आणि कबुतरं यांच्यापासून सांभाळायचं, असा हा सौदा आहे.

पन्नास तास ऐकून मन खट्टू झालं असेल तर केमन घ्या, विषय संपला. पण नोव्हेंबरात पहाटे पौड सोडून मुळशीच्या कडेने जाताना कापलेल्या भाताचा वास आणि पाण्यावरचा गारवा थेट अंगावर येतो. तो सनरूफमधून येत नाही, हेही खरं. सनरूफ उघडला की डोक्यावर भोक पडतं, एवढंच. तेव्हा पन्नास तास थोडे आहेत म्हणून ते फुकट आहेत असं नाही.

आता प्रकार. कूपेला काही जण कूप म्हणतात. विहिरीशी गोंधळ नको म्हणून इथे कूपे. तिचा टप पत्र्याचा आणि कायमचा. कन्व्हर्टिबल म्हणजे अख्खा टप उघडणारी. तिच्यात दोन जाती आहेत : कापडी टप आणि घडी होऊन डिकीत जाणारा पत्र्याचा टप. तिसरा प्रकार काढता येणाऱ्या तुकड्याचा. सीटमागची कमान जागेवर राहते, फक्त डोक्यावरचा भाग निघतो. पोर्शेने अशी ९११ पहिल्यांदा १९६५ मध्ये दाखवली. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून तिला टार्गा नाव दिलं आणि पुढे सगळी जातच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर सुरक्षेच्या कारणाने बंदी येईल अशी तेव्हा धास्ती होती, म्हणून ती जाड कमान. बंदी आली नाही, कमान मात्र टिकली.

तुमचे मित्र म्हणतात ते अर्धं खरं आहे. बाकरवडीच्या खोक्याचं झाकण काढा आणि खोकं दोन्ही हातांनी पिळा, लगेच वाकडं होतं. गाडीचंही तसंच. टप हा सांगाड्याचा भाग असतो. तो कापला की दारांखालचे उंबरठे, समोरच्या काचेची चौकट आणि दोन सीटांमधला बोगद्यासारखा उंचवटा जाड करावे लागतात. तेवढं करूनही खराब रस्त्यावर समोरची काच आणि डॅशबोर्ड वेगवेगळे थरथरतात. पण हे दुखणं मुख्यतः त्या गाड्यांचं, ज्या आधी कूपे म्हणून आखल्या गेल्या आणि मग कापल्या गेल्या. झेड४ किंवा पोर्शेची बॉक्सस्टर या पहिल्या रेषेपासून उघड्या टपाच्याच. ७१८ बॉक्सस्टर आणि तिची कूपे बहीण केमन यांचं कंपनीने दिलेलं वजन मॅन्युअल गिअरमध्ये अगदी सारखं, १,३३५ किलो आहे. ताम्हिणीच्या वळणावर या दोघींमधला फरक तुम्हाला कळेल, असं कोणी म्हणालं तर त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून बाजूच्या सीटवर बसवा.

टार्गाचं गणित याच्या उलटं आहे, आणि डीलर नेमकं तेवढंच सांगत नाही. तुकडाच निघतो म्हणजे ती कूपेच्या जवळची, असं वाटतं. प्रत्यक्षात २०१४ पासूनच्या ९११ टार्गात तो तुकडा हाताने निघत नाही. मागचा काचेचा अख्खा घुमट उचलून मागे झुकतो, कापडी तुकडा त्याखाली जाऊन बसतो आणि घुमट परत जागेवर येतो. या सगळ्यासाठी मोटारी, दांडे, सेन्सर लागतात. तिच्या पुढच्या पिढीच्या ९११ चे आकडे बघा : कॅरेरा ४ कूपे १,५५५ किलो, तीच कन्व्हर्टिबल १,६२५ आणि टार्गा ४ तब्बल १,६६५. तिघींत सगळ्यात जड टार्गाच, आणि ते वजन वरच्या बाजूला.

शिवाय तो टप उघडायला १९ सेकंद लागतात आणि गाडी पूर्ण उभी असावी लागते. घुमट मागे झुकतो म्हणून मागे मोकळी जागाही हवी. गर्दीच्या सिग्नलला तुमच्या मागच्या बंपरला स्कूटरचं पुढचं चाक टेकलेलं असणार, तेव्हा हे विसरा. स्टिल्टखालीही वर फायरचे पाइप आणि बीम बघूनच बटण दाबायचं. झेड४ चा कापडी टप १० सेकंदांत, ताशी ५० किमीपर्यंत चालत्या गाडीत उघडतो. बॉक्सस्टरचंही जवळपास तसंच. पहिला थेंब काचेवर पडला आणि गाडी थांबवायला जागा नाही, तेव्हा हा फरक कळतो.

टार्गाची आणखी एक खोड एक्स्प्रेसवेवर कळते. टप उघडा असताना ताशी ९०-१०० च्या पुढे काचेच्या घुमटात हवा अडकून 'धप-धप-धप' असा कानाचे पडदे दाबणारा ठोका सुरू होतो. समोरच्या चौकटीवर वारा अडवायची पट्टी असते, ती उचलली आणि बाजूच्या काचा थोड्या खाली घेतल्या की कमी होतो. पूर्ण कन्व्हर्टिबलमध्ये मागून हवा निघून जाते, त्यामुळे सीटमागची जाळी लावून काचा वर ठेवल्या तर शंभरच्या वेगातही बोलता येतं. दिसायला टार्गासारखी गाडी नाही, हे मान्य. पण बजेटच्या पंचवीस लाख वर जाऊन, दहा वर्षं जुनी, सगळ्यात गुंतागुंतीच्या टपाची गाडी घेणं हा तुमच्या गरजेवरचा उपाय नाही. ती सोडा.

उरल्या केमन आणि झेड४. आता तुमचं झाड.

झाड कोणतं हे तुम्ही लिहिलं नाही. पुण्यात कंपाउंडलगत बहुधा गुलमोहर, सोनमोहर, चिंच नाहीतर पर्जन्यवृक्ष असतो आणि कन्व्हर्टिबलसाठी चौघंही सारखेच वैरी. वडा-पिंपळाचं मोठं पान टपावर पडून राहतं, हाताने उचलता येतं. गुलमोहर आणि चिंचेच्या पानांच्या बारीक पाकळ्या मात्र टपाच्या कडेच्या पन्हाळीत शिरतात. सोनमोहराचा पिवळा सडा तर ऐन उन्हाळ्यात, म्हणजे पावसाच्या तोंडावर पडतो. कापडी टपावरचं पाणी दोन्ही बाजूंच्या पन्हाळीत उतरतं, तिथून सीटमागच्या खळग्यात, आणि तिथल्या भोकातून रबरी नळीने मागच्या चाकाच्या पुढे खाली जातं. भोक करंगळीएवढंही नसतं. पाकळ्या आणि धूळ यांचा चिखल होऊन ते बुजलं की खळगा भरतो आणि पाणी सीटखालच्या गालिच्यात उतरतं. तिथेच कंट्रोल बॉक्स असतात. पहिल्या पिढीच्या बॉक्सस्टरमध्ये अलार्म आणि इमोबिलायझरचा (चोराला इंजिन सुरू करू न देणाऱ्या यंत्रणेचा) बॉक्स सीटखाली होता. पाणी शिरलं की गाडी सुरूच व्हायची नाही. २००८ पर्यंतच्या पहिल्या झेड४ मध्ये तर टपाची हायड्रॉलिक मोटर त्याच खळग्याच्या तळाशी बसवलेली होती, म्हणजे नळी तुंबली की मोटर बुडणार. नव्या गाड्यांत मांडणी सुधारली आहे, पण भोक तेवढंच आहे आणि पाकळीही तेवढीच.

सफाई पंधरा मिनिटांची. टप अर्धा उघडून थांबवा, इंजिन चालू ठेवा. दोन्ही बाजूंच्या खळग्यातला पाला हाताने आणि जुन्या टूथब्रशने काढा. मग गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी, दोन-अडीच मिमी जाडीची, टोक मेणबत्तीवर धरून गोल करा आणि फिरवत फिरवत भोकात घाला. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते. गॅरेजवाला कॉम्प्रेसरची हवा मारतो म्हणाला तर हात धरा. दाबाने नळी सांध्यातून निसटते आणि मग पाणी सरळ आत. शेवटी प्रत्येक बाजूला पाव लिटर पाणी हळूहळू ओता आणि गाडीखाली वाकून बघा. दोन्हीकडून सारख्याच धारेने यायला हवं. एका बाजूने ठिबकतंय म्हणजे ती नळी अजून अर्धी बुजलेली आहे. हे मेअखेर एकदा, जुलैत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. झाडाखाली उभी करणार असाल तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला. चार वर्षं हे करायचा तुमचा स्वभाव आहे का, प्रामाणिकपणे बघा.

म्हणून माझी अट सोपी आहे. स्टिल्टखालची जागा स्पोर्ट्स कारला आणि झाडाखालची एसयूव्हीला, हे घरात मान्य होत असेल तर झेड४. होत नसेल तर केमन. पावसात एसयूव्हीपर्यंत छत्री धरून जायचं काम बहुधा तुमच्या पत्नीच्या वाट्याला येणार, तेव्हा हा निर्णय त्यांनाच घेऊ द्या.

स्टिल्टखाली ठेवली म्हणजे सांभाळ संपला असं नाही. ओला टप कधीही घडी करू नका. पावसातून आलात तर कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या, रात्रभर वाळू द्या. ओली घडी दोन दिवस राहिली की आतल्या अस्तराला बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते जात नाहीत. उलट टप उघडा ठेवून गाडी आठवडाभर उभी करू नका. कापड घडीतच आखडतं, मागच्या काचेजवळ चुण्या पडतात, शिवाय उंदरांना ती घडी म्हणजे आयता पलंग. धुताना साधं पाणी, मऊ ब्रश, विणीच्या दिशेने. प्रेशर वॉशरची नळी आणि ब्रशवाला ऑटोमॅटिक वॉश दोन्ही बंद. कबुतराची विष्ठा ओली असताना पुसली तर विणीत घुसते. पुसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. वर्षातून दोनदा कापडावरचा वॉटरप्रूफ स्प्रे. पाणी मण्यांसारखं न उभं राहता कापडात जिरायला लागलं की तो मारायची वेळ झाली. रबर बीडिंगला सिलिकॉन, तेही फडक्यावर घेऊन. पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर तर अजिबात नको, आत वाफ धरते. सुती, हवा खेळणारं कव्हर, आणि तेही गाडी पूर्ण कोरडी असेल तरच.

घाटात चहाला थांबलात तर एक सावधगिरी. वरंध घाट, महाबळेश्वर, खंडाळ्याचे पॉइंट, सगळीकडे माकडं गाडीच्या टपावर बसतात. पत्र्यावर ओरखडा उठतो, कापडाला भोक पडतं. आत केळी किंवा चिक्कीचं पाकीट दिसू देऊ नका.

बॅटरीचं एक. टपाची मोटर मोठा करंट ओढते, म्हणून टप इंजिन चालू असतानाच हलवा, नाहीतर अर्ध्यात अडकतो. या गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. हँडल ओढलं की काच काही मिलिमीटर खाली सरकते, दार लागलं की वर जाऊन बीडिंगमध्ये बसते. बॅटरी उतरली असेल तर काच सरकत नाही आणि अशा वेळी दार आपटलं की बीडिंग फाटतं. स्टिल्टमध्ये प्लग पॉइंट घ्या आणि बॅटरी मेंटेनर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, लावून ठेवा. महिन्यातून दोनदा चालणाऱ्या गाडीला तो लागतोच, कूपे असली तरी.

कोणी तुमच्यापुढे घडी होणाऱ्या पत्र्याच्या टपाची गाडी आणेल, २००९ ते २०१६ ची झेड४ किंवा मर्सिडीजची एसएलके. ती झाडाखाली तग धरते, चोरही ब्लेडने कापू शकत नाही. पण टप उघडला की डिकी जाते : त्या झेड४ मध्ये ३१० लिटरची १८० होते, शेवटच्या एसएलकेत ३३५ ची २२५. डिकीतला पडदा खाली ओढून अडकवलेला नसेल तर टप जागचा हलत नाही. निम्म्या 'टप बिघडला' तक्रारी इथेच मिटतात. उरलेल्या निम्म्या महाग असतात : डिकीच्या बिजागरीतून जाणाऱ्या वायरी वाकून वाकून तुटतात. २०१८ मध्ये आलेल्या कापडी टपाच्या झेड४ ची डिकी टप उघडा असो की बंद, २८१ लिटरच राहते.

आता उंची आणि गतिरोधक. सहा फूट एक इंच माणसाने झेड४ मध्ये टप बंद करून बसावं, सीट पूर्ण खाली घ्यावी आणि डोकं व टप यांत मूठ मावते का बघावं. मग टप उघडून सरळ समोर बघा. काचेच्या चौकटीची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येत असेल तर प्रत्येक सिग्नलला मान वाकवावी लागेल. कापडी टपाचा दुसरा त्रास मागच्या डाव्या कोपऱ्यात. तिथे काच नसते, जाड कापड असतं आणि पुण्यात स्कूटर नेमकी तिथूनच येते. डावा आरसा इतका बाहेर काढा की स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग कोणाला तरी स्कूटर घेऊन मागून डावीकडून यायला सांगा आणि ती कुठे अदृश्य होते ते बघून ठेवा. केमनमध्येही हा कोपरा आंधळाच आहे, फक्त थोडा कमी.

गतिरोधकाबद्दल लोक उगाच घाबरतात आणि चुकीच्या ठिकाणी घाबरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो. झेड४ आणि ७१८ यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २.४७ मीटर. गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध असते तेव्हा चारही चाकं कमानीवरच असतात आणि पोटाखाली फक्त साडेचार सेंमी उंचवटा येतो. या गाड्यांचं पोट साधारण ११ ते १३ सेंमी वर असतं, म्हणजे आरामात पार. पोट घासतं ते सोसायटीच्या गेटवरच्या दीड फुटी, १२-१५ सेंमी उंच उंबरठ्यावर, कारण तिथे पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची असतात आणि अख्खी उंची पोटाखाली येते. अडीच मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या, दोन्ही टोकांना ११ सेंमीचे लाकडी ठोकळे बांधा आणि गेटवरच्या गतिरोधकावरून सरकवत न्या. पट्टी टेकली तर गाडी टेकणार. तुमचा कारखाना आहे, पट्टी मिळायला अडचण नाही. टेकत असेल तर तिरकी काढा, एका वेळी एकच चाक चढेल असं. तरीही टेकत असेल तर कमिटीकडे अर्ज द्या. मानकाचे हेच आकडे लिहा.

जागेची रुंदीही मोजा. झेड४ १,८६४ मिमी रुंद आहे. अडीच मीटरच्या जागेत मधोमध उभी केली तर दोन्हीकडे जेमतेम ३२ सेंमी उरतात. दारं लांब, तुम्ही उंच. भिंतीच्या बाजूला जागा सोडून उभी करायची सवय लागेल.

गाडी बघायला जाताना सोबत टॉर्च, दहा रुपयांची नोट आणि टिश्यू पेपर न्या. टप तीनदा उघडून बंद करायला सांगा : इंजिन थंड असताना, वीस मिनिटं चालवून आल्यावर, आणि एसी व दिवे चालू ठेवून. दोन्ही बाजू एकसाथ हलल्या पाहिजेत. एक बाजू मागे राहते किंवा झटके देते म्हणजे तेल कमी आहे नाहीतर हवा शिरली आहे. समोरच्या चौकटीच्या कुलपाजवळ आणि डिकीच्या कडेला बोट फिरवा, तेलकट लागलं तर कुठलातरी सिलिंडर गळतो आहे. दाराच्या बीडिंगमध्ये नोट धरून दार लावा आणि नोट ओढा, सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. सैल निघाली ती जागा गळणार. सीटमागच्या गालिच्यावर टिश्यू दाबा, ओला झाला तर पुढचं काही बघायची गरज नाही. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीचा रंग असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे.

डीलर तयार असेल तर पाण्याची परीक्षा घ्या. साधी बागेची नळी, दाब कमी. एक जण टॉर्च घेऊन आत. पाणी खालून सुरू करायचं : आधी दाराचा तळ, मग काचेची खालची कड, मग चौकट, शेवटी वरची शिवण, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं. वरूनच सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. थरथर तपासायची तर खोदलेल्या रस्त्यावर ताशी ३०-४० ने चालवा आणि आतला आरसा बघा. मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नसेल इतका तो थरथरत असेल, तर आधी टायरची हवा बघा. जास्त हवेनेही असंच होतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे असतील तर चारही टायरचे पैसे किमतीतून कापा, नक्षी कितीही खोल दिसो.

कागद थोडक्यात. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर तिकडची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव करा. आयात केलेल्या गाडीवर महाराष्ट्रात २० टक्के कर आहे, त्यामुळे पुदुच्चेरी पासिंगची 'स्वस्त' गाडी इथे नोंदवल्यावर स्वस्त राहत नाही. विम्यात रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. कापडी टप ते कशात धरतात हे विमा कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. अख्खा टप बदलायचा खर्च लाखांत जातो. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिला चालतं का, ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि बंद पडलेल्या टपाचं निदान पुण्यात होतं की गाडी फ्लॅटबेडवर मुंबईला न्यावी लागते, हे सर्व्हिस सेंटरला आधीच विचारा.

झेड४ घेतलीत तर सहा सिलिंडरची एम४०आय घ्या, ३४० अश्वशक्तीची. चार सिलिंडरची २०आय नको. टप उघडा ठेवून ऐकायचं ते इंजिनच ना. हेच कारण आहे की मी तुम्हाला केमनऐवजी बॉक्सस्टर सुचवत नाही. साध्या ७१८ चं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन ओढायला झकास आहे, ऐकायला नाही. काचा बंद केलेल्या केमनमध्ये ते खपून जातं. शिवाय केमनला मागे जवळपास २७० आणि पुढे १५० लिटर जागा आहे, दोघांच्या तीन दिवसांच्या बॅगा बसतात.

पट्टीची परीक्षा याच रविवारी करून घ्या, डीलरला टोकन द्यायच्या आधी. झाडाखाली उभं राहून वरही एकदा बघा.